टोपीचे दशक : ऑस्ट्रेलिया, ऊन आणि त्वचेचा कर्करोग

ऑस्ट्रेलियात वयाची सत्तरी गाठण्याआधी दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गोऱ्या कातडीचे लोक गेल्या सव्वादोन शतकांत या प्रखर उन्हाच्या देशात येऊन वसले. त्यांच्या त्वचेत उन्हापासून जपणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी असते. अतिनील किरणांनी पेशींना होणारी इजा वर्षानुवर्षे साठत राहते आणि कधी न भरणाऱ्या व्रणाच्या, तर कधी रंग-आकार बदलणाऱ्या तिळाच्या रूपाने वर येते. यातला मेलानोमा वेळीच काढला नाही तर जीव घेतो.

हे कारण उशिरा कळले असे नाही. मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंचा अक्षांशाशी संबंध आहे, हे संशोधक एच. ओ. लँकेस्टर यांनी १९५६ मध्येच दाखवले होते. तरीही पुढची पंचवीस वर्षे जवळजवळ वाया गेली. रापलेले अंग हीच तब्येतीची खूण मानली जाई. मॅक्स ड्युपेन यांनी १९३७ मध्ये टिपलेले, वाळूत पालथ्या पडलेल्या तरुणाचे ‘सनबेकर’ हे छायाचित्र सत्तरच्या दशकात देशाची ओळख बनले. समुद्रावर जायचे ते अंगाला खोबरेल चोपडून भाजून घ्यायलाच, अशी रीत होती.

१९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी परिषदेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ हे गाणे दूरचित्रवाणीवर आणले. त्यात सिड नावाचा सीगल पक्षी नाचत नाचत तीन गोष्टी सांगे: अंगात शर्ट घाला, सनस्क्रीन क्रीम लावा, डोक्यावर टोपी चढवा. शर्टाचा मान पहिला होता. क्रीम दोन कपड्यांच्या मध्ये होते, आणि आजच्या परिस्थितीकडे पाहता हा तपशील विसरण्याजोगा नाही.

खरे काम झाले ते १९८८ नंतरच्या दहा वर्षांत. त्या वर्षी ‘सनस्मार्ट’ ही मोहीम सुरू झाली आणि तिला पैसा मिळाला तो तंबाखूवरच्या करातून उभ्या राहिलेल्या विकहेल्थ या संस्थेकडून. एका कर्करोगाच्या कारणावर कर लावून दुसऱ्याचा प्रतिबंध करण्याची ही युक्ती अत्यंत शहाणपणाची होती, कारण त्यामुळे मोहीम एका उन्हाळ्यापुरती राहिली नाही. मेलबर्नमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारनंतर लोकांना फोन करून विचारले जाई: बाहेर किती वेळ होता, अंगावर काय होते, त्वचा भाजली का? उन्हाने भाजलेल्यांचे प्रमाण पहिल्या उन्हाळ्यात ११ टक्के होते. तिसऱ्या उन्हाळ्यात ते ७ टक्क्यांवर आले. टोपी घालणारे १९ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. इतक्या थोड्या काळात एवढ्या मोठ्या समाजाची सवय हललेली क्वचितच दिसते.

शाळांतला बदल तर डोळ्यांना दिसणारा होता. १९९३ पासून प्राथमिक शाळांनी ‘टोपी नाही, तर खेळ नाही’ हा नियम स्वीकारायला सुरुवात केली. टोपीही कोणतीही चालत नसे. क्रिकेटची किंवा बेसबॉलची कॅप कान आणि मान उघडी टाकते, म्हणून रुंद काठाची किंवा मागे मानेवर झालर असलेली टोपीच हवी. मधल्या सुटीत टोपी विसरलेले मूल छपराखाली बसे आणि बाकीची मुले मैदानात पळत. शिक्षा म्हणावी इतकी ती कठोर नव्हती, पण सात वर्षांच्या मुलाला पुरेशी होती. खेळाच्या जागांवर सावलीची कापडी छते ताणली गेली. पोहण्याच्या पोशाखाला बाह्या आल्या.

क्रीमचा पुरावाही याच दशकातला. क्वीन्सलंडमधील नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात अ‍ॅडेल ग्रीन यांच्या चमूने १,६२१ लोकांचा अभ्यास केला. ज्यांना रोज सकाळी डोके, मान, हात यांना क्रीम लावायला सांगितले होते, त्यांच्यात स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. प्रयोग संपल्यावर दहा वर्षांनी मोजले तेव्हा त्यांच्यात मेलानोमा ११ जणांना झाला होता, रोज लावायला न सांगितलेल्या दुसऱ्या गटात २२ जणांना. ते क्रीम आजच्या ‘५०+’च्या जवळपासही नव्हते, त्याचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, १५ च्या आसपास होता. फरक पडला तो नेमाने लावण्यामुळे.

पहाटे उठून ऑस्ट्रेलियातले क्रिकेट सामने पाहणाऱ्या मराठी घरांनी हे दशक खेळाडूंच्या नाकाओठांवरच्या पांढऱ्या झिंकच्या पट्ट्यांतून पाहिले आहे. मागल्या पिढीला तेवढेही संरक्षण नव्हते. माजी कर्णधार रिची बेनॉ यांनी २०१४ मध्ये कपाळावरच्या आणि डोक्यावरच्या त्वचेच्या कर्करोगावर उपचार चालू असल्याचे सांगितले. आपले आदर्श कीथ मिलर टोपी घालत नसत म्हणून आपणही घातली नाही, हे सांगून त्यांनी तरुणांना टोपी घालण्याचा सल्ला दिला.

या पेरणीचे पीक आले. चाळिशीच्या आतल्या ऑस्ट्रेलियनांत मेलानोमाचे प्रमाण घटले. पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जाहिरातींचा जोर ओसरला आणि सवयींतली सुधारणाही थबकली. शून्यातून उभे केलेले काम असे सैल सोडून देणे अक्षम्य होते. मधल्या काळात सोलारियम फोफावले. पैसे मोजून दिव्याखाली अंग रापवण्याचा तो धंदा बंद व्हायला २६ वर्षांच्या क्लेअर ऑलिव्हरचा २००७ मध्ये मेलानोमाने झालेला मृत्यू आणि त्याआधी तिने आजारपणात केलेले कळकळीचे जाहीर आवाहन लागले. बहुतेक राज्यांत बंदी आली तीही २०१५ मध्ये.

आता सगळा भार ट्यूबवर येऊन पडला आहे. जून २०२५ मध्ये ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन प्रयोगशाळेत तपासून घेतली. त्यांपैकी १६ वेष्टनावरच्या आकड्याला उतरली नाहीत. ५०+ चा दावा करणाऱ्या एकाचा एसपीएफ ४ भरला आणि पुढे ते बाजारातून मागे घेण्यात आले. आकडा खरा असला तरी तो त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम थर धरून काढलेला असतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगाला सात चमचे, आणि दर दोन तासांनी पुन्हा. एवढे फार थोडे लोक लावतात. दुसरीकडे, जपण्यासाठी जाहीर होणारा अतिनील निर्देशांक पाहून, तो चढला की मुद्दाम रापायला बाहेर पडण्याचे खूळ तरुणांत पसरले आहे.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रोज क्रीम लावण्याचा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. २०२४ च्या तिथल्या मार्गदर्शनानुसार त्वचेच्या रंगाप्रमाणे धोका वेगळा धरला जातो. गडद त्वचेच्या माणसांना कर्करोगापेक्षा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेची काळजी अधिक, त्यामुळे दीर्घ काळ उन्हात राहायचे नसेल तर रोज क्रीम लावण्याची गरज नाही. तळहात-तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग दिसला तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे.

गोऱ्या त्वचेच्या मुलांसाठी कच्चा दुवा माध्यमिक शाळेत आहे. प्राथमिक शाळा सुटली की टोपीचा नियम सुटतो, तोही नेमका समुद्रकिनाऱ्याची ओढ लागण्याच्या वयात. तो नियम बारावीपर्यंत न्यावा आणि शाळेच्या मैदानांवर सावली सरकारी खर्चाने उभारावी.