गळा तोच, गाणे दुसरे

महाशिवरात्रीच्या यात्रेत प्रतापगडच्या पायथ्याशी भजनी मंडळी जमतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत आमच्या परिसरातील एक वयोवृद्ध भजनीबुवा गायला बसले होते. चढ्या स्वरातील त्यांची भजने साऱ्यांना पाठ होती. त्या रात्री मात्र त्यांनी एक पद अगदी खालच्या स्वरात, थांबत थांबत, स्वतःशीच बोलावे तसे म्हणावयास घेतले. पद अर्ध्यावर आले नाही तोच मागून आवाज आला, ‘‘बुवा, जुनंच होऊ द्या!’’ बुवा हसले, पेटीवाल्याला खूण केली आणि जुने सुरू झाले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या प्रसंगात वावगे दिसू नये. मागणी होती, पुरवठा झाला, उभय पक्ष संतुष्ट झाले. तथापि कलेच्या क्षेत्रात हा हिशेब पुरा पडत नाही, याचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बालपणी एक आश्चर्य मानले जात. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा मुलगा त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला मिळाली ती याच वयात. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. पंचविशीच्या आत नाव, मागणी, मैफली हे सर्व लाभले होते. एखाद्या व्यापाऱ्याने याच भांडवलावर उरलेला जन्म सुखाने काढला असता.

याच सुमारास क्षयाने त्यांना गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 च्या आरंभी ते माळव्यातील देवासला जाऊन राहिले. गाणे वर्ज्य ठरले. पुढील सुमारे पाच वर्षे हा गवई अंथरुणावर पडून केवळ ऐकत होता : रस्त्याने जाणारे भिक्षेकरी, त्यांची निर्गुणी भजने, घरोघरच्या स्त्रियांची लोकगीते. अमेरिकेत 1943 मध्ये शोधले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती आले आणि पत्नी भानुमती यांच्या शुश्रूषेला यश आले. भानुमती स्वतः गायिका होत्या. त्या वर्षांत त्यांच्या गाण्याचे काय झाले, याची नोंद कोणत्याच जमाखर्चात सापडत नाही. 1961 मध्ये त्यांचे निधन झाले.

1953 च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब पल्ल्याच्या ताना शक्य नव्हत्या. मग लहान लहान स्वरवाक्ये, त्यांमधील अर्थपूर्ण विराम आणि स्वराचा अचानक झोत यांतून एक निराळेच गाणे उभे राहिले. लोकधुनांतून त्यांना मालवती, लगनगंधार असे नवे राग दिसले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. परंपरेची मोडतोड केल्याचा आक्षेप त्यांच्यावर आला, आणि तो घेणारे सर्वच काही अज्ञ नव्हते. परंतु 1992 मध्ये ते निवर्तले, तोवर हे ‘दुसरे’ गाणेच त्यांचे खरे गाणे म्हणून मान्य झाले होते. पहिले गाणे किती झाले तरी इतरांच्या ध्वनिमुद्रिकांपासून सुरू झालेले होते.

आमच्या शास्त्राच्या भाषेत ती पाच वर्षे अनुत्पादक होत. वस्तुतः उर्वरित चाळीस वर्षांची सारी गुंतवणूक त्याच काळात झाली.

आजार हेच बदलाचे कारण, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. फुप्फुसे निकामी झालेले कितीतरी असतात. त्यांतील किती जणांना नवे राग सुचतात? आजाराने जुनी वाट बंद केली, एवढेच. नवी शोधण्याची तहान आधीपासूनच होती. किशोरी आमोणकरांच्या बाबतीतही हेच दिसते. मातुःश्री मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूर-अत्रौली घराण्याची काटेकोर तालीम त्यांना मिळाली होती. तिच्या चौकटीतून बाहेर येऊन त्यांनी संथ, भावाचा वेध घेणारी आलापी स्वीकारली, तेव्हा घराणे सोडल्याचा ठपका त्यांच्यावरही आला. 2017 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्याच आलापीसाठी रसिक हळहळले.

यावर कोणी म्हणेल, तिकीट काढणाऱ्या श्रोत्यालाही काही हक्क आहे की नाही? आहे. शिवाय प्रत्येक बदल हा विकासच असतो, असेही नाही. आमच्या झाडीपट्टीत दंडारीपासून आजच्या नाटकापर्यंत रंगभूमीने अनेक वळणे घेतली. त्यांतील काही कलेच्या ओढीने, तर काही निव्वळ गल्ल्याकडे पाहून घेतली गेली. बाजार बदलला म्हणून बदलणे आणि बाजार अनुकूल असतानाही बदलणे यांत महदंतर आहे. पहिल्यात धोका श्रोत्याच्या रुचीला असतो, दुसऱ्यात तो कलावंताच्या पोटाला असतो. हा दुसरा धोका जो पत्करतो, त्याचे किमान एक पद शेवटपर्यंत ऐकून घेणे एवढे ऋण श्रोत्याकडे निघतेच. आवडले नाही तर मग खुशाल नापसंत करावे.

ही गोष्ट केवळ गवयांपुरती नाही. वर्गात तीच पिवळी पडलेली टिपणे वाचणारा माझ्यासारखा अध्यापक, तोच मसुदा वर्षानुवर्षे उतरवणारा कारकून, जुन्या प्रश्नपत्रिकांवर भिस्त ठेवणारा विद्यार्थी : आपण सारे एकमेकांना ‘जुनंच होऊ द्या’ असेच सांगत असतो. त्यात सोय आहे हे खरे. पण त्या सोयीची किंमत कोणीतरी मुकाट्याने मोजत असतो.

आमचे भजनीबुवा आता हयात नाहीत. यात्रा दरवर्षी भरते, बैठका बसतात, टाळ वाजतात. त्या रात्री अर्ध्यावर राहिलेले पद पुढे कसे जात होते, हे मात्र मला आता कोणाला विचारता येणार नाही.