एकच इंजिन, ताकद मात्र वेगळी

जुनी डिझेल स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो यांच्या बॉनेटखाली एकाच कुळातलं इंजिन असे: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावलाही ते तयार होई. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ पीएस, अर्टिगामध्ये ९०. आकार तोच, मग फरक कशाचा? मुख्यतः टर्बोचा. ९० पीएसच्या इंजिनाच्या टर्बोत, टर्बोच्या चाकाभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतो. त्यामुळे कमी आरपीएमलाही सिलिंडरमध्ये भरपूर हवा कोंबली जाते.

डिझेल इंजिनाची ताकद फवारलेल्या डिझेलवर ठरते. पण ते जळायला हवा पुरली पाहिजे. गाडी ‘रिमॅप’ करताना ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमधले, डिझेलचे आणि टर्बोच्या दाबाचे आकडे वाढवतात. डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली, तर अर्धवट जळलेलं इंधन काळा धूर होऊन बाहेर पडतं. टर्बो तापतो, क्लचवर ताण येतो आणि पीयूसीलाही गाडी अडते.

मग रिमॅपने ॲव्हरेज वाढतं का? सपाट रस्त्यावर साठच्या वेगाला गाडीला मुळात थोडीच ताकद लागते. रिमॅपनंतर वरचा गिअर लवकर टाकता आला, तर थोडा फायदा होतो. वेग वाढवला, तर तोही जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास सुमारे ५६ टक्के जास्त.

तेव्हा आधी एअर फिल्टर, इंजेक्टर, टायरमधली हवा आणि चिकटणारे ब्रेक तपासून घ्या. ॲव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, त्याच रस्त्यावर. रिमॅपचा विचार त्यानंतर.