एफ.वाय.च्या वर्गातलं मूल

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला पाली लागतं. इथल्या मुलांचं पुढचं शिक्षण म्हणजे आधी बीडची वाट, मग तिथून कुणी लातूरला, कुणी संभाजीनगरला. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा सोळाचा असतो. बारावी करून बी.एस्सी.ला बसलेल्या मुलीला अठरावं अजून पुरं व्हायचं असतं. वैद्यकीय प्रवेशाचा तर नियमच आहे की प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला कायद्याने अज्ञान असलेली मुलं बसणार, हे धरूनच चाललंय. त्यातून आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळदा सिनियर कॉलेजच्याच आवारात भरतात. फाटक एक, कँटीन एक, ग्रंथालय एक. पंधरा वर्षांची मुलगी आणि पंचविशीतला एम.ए.चा विद्यार्थी गाड्या लावतात तेही एकाच स्टँडवर.

शाळेत पालकसभा असते, वर्गशिक्षक असतात, २०२२ च्या शासन निर्णयाने आलेली सखी सावित्री समिती असते. कॉलेजात पहिल्याच तासाला ‘आता तुम्ही मोठे झालात’ हे वाक्य कानावर येतं. कायदा तसं म्हणत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ च्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग ती बालवाडीत असो की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला.

तेव्हा पहिला प्रश्न वयाचा, आणि मराठवाड्यात तो वाटतो तितका सरळ नाही. नाव घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख घरी ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून टाकून द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आता जन्मनोंदी बऱ्याच सुधारल्यात, तरी अशा तारखा अजून सापडतात. एरवी त्यावर विनोद करून सोडून देता येतं. पण गुन्हा घडला त्या दिवशी मुलगी १७ वर्षं ११ महिन्यांची होती की १८ वर्षं १ महिन्याची, यावर खटला कुठल्या कायद्याखाली चालणार ते ठरतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. नुसत्या टी.सी.वर भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. कॉलेजने प्रवेशाच्या वेळीच दहावीच्या प्रमाणपत्रावरून १८ च्या आतल्यांची वेगळी यादी करून ठेवली, तर पुढची निम्मी धावपळ वाचते. हे काम एका लिपिकाचं आणि एका दुपारचं आहे.

दुसरा प्रश्न पालक कोण. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून कुणाचं नाव लागलंय ते भावकीत प्रत्येकाला पाठ असतं. कॉलेजच्या फॉर्मवरचा पालकाचा रकाना मात्र कुणी वाचत नाही. तो वाचायला हवा, कारण बीड जिल्हा ऊसतोडीचा आहे. जुलैत प्रवेशाच्या वेळी बाप गावात असतो, सही करतो. दिवाळीच्या आगेमागे तो जोडीने कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडावर जातो आणि परततो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या ऐन मधल्या पाच-सहा महिन्यांत ज्याची सही कागदावर आहे तो माणूस शेकडो किलोमीटरवर असतो, आणि त्याचा फोन रात्री चार्ज झाला तर लागतो. मुलीला ताप आला, ती रात्री खोलीवर परतली नाही, तर फोन कुणाला लावायचा?

फॉर्म जवळून बघा. ‘पालकाचा मोबाईल’ आणि ‘स्थानिक पालकाचा मोबाईल’ या दोन्ही रकान्यांत एकच नंबर. कधी तर तो नंबर बापाचाही नसतो. ओटीपी लगेच मिळावा म्हणून नेट कॅफेवाल्याने स्वतःचा टाकलेला असतो. दिवाळीनंतर कॉलेजचा मेसेज जातो तो त्या कॅफेवाल्याला. उपाय साधा आहे. स्थानिक पालक म्हणून गावात राहणारी आजी, चुलते किंवा थोरली बहीण लिहायची, त्यांच्या नंबरवर प्रवेशाच्याच दिवशी खिडकीतून फोन लावून बघायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरवली. योजना चांगली आहे. पण ज्याला तिथे जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी हा एक फोन नंबरच सगळं काही असतो.

पालीपुरती आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळणारी इन्फंट इंडिया ही संस्था इथेच आहे. अशा मुलांच्या फॉर्मवर पालक म्हणून संस्था येते, आणि कॉलेजच्या खिडकीत ‘आईवडील कुठायत?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला जाऊ शकतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कुणाच्या आजाराची वाच्यता करायला संस्थाचालकही मोकळे नाहीत. त्याच कायद्याचं कलम ३२ फारसं कुणाला माहीत नसतं. एचआयव्हीची झळ बसलेल्या घराचा कारभार पाहणारं, समज असलेलं १२ ते १८ वयाचं भावंड आपल्या धाकट्याचा शाळा-कॉलेजातल्या प्रवेशासाठी पालक म्हणून चालतं. खिडकीतल्या माणसाला हे कलम ठाऊक असेल तर एखाद्या पोराचं वर्ष वाचेल.

आता कामावरची माणसं. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. शिकवणारा असो की न शिकवणारा, कायम असो की कंत्राटी. प्रत्यक्षात प्राध्यापकांच्या फायली भरलेल्या असतात, पण वसतिगृहाचा रात्रीचा वॉचमन, मेसचा आचारी, बसचा ड्रायव्हर ठेकेदारामार्फत येतात आणि कुठल्याच फायलीत नसतात. मुलांच्या सर्वांत जवळ, तेही रात्री, असतात ते हेच. आवाराबाहेरच्या खासगी खोल्या, अभ्यासिका आणि क्लासेस ही तर आणखी मोकळी जागा. २०२५ च्या जूनमध्ये बीड शहरातल्या एका खासगी क्लासमधल्या दोन शिक्षकांवर तिथल्या अल्पवयीन विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला, आणि तपासासाठी सरकारला विशेष पथक नेमावं लागलं.

आणि आता खरी गुंतागुंत: लैंगिक छळाची तक्रार आली तर काय करायचं. बहुतेक कॉलेजांचा हात आधी अंतर्गत तक्रार समितीकडे जातो. यूजीसीच्या नियमांनी ती सक्तीची आहे आणि सज्ञान विद्यार्थिनींसाठी तिचा उपयोगही आहे. तिच्या चौकशीला ९० दिवसांची मुदत असते. पण तक्रारदार १८ च्या आतली असेल तर या रांगेत उभं राहायचंच नाही. पोक्सोचं कलम १९ सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी नुसती भीती वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुख गप्प बसला तर एक वर्षापर्यंत. खुद्द मुलाने सांगायला उशीर केला तर त्याला कसलीही शिक्षा नाही.

‘आधी आपण शहानिशा करू, मग बघू’ हे वाक्य प्राचार्यांच्या केबिनमध्ये फार सहज येतं. संस्थेचं नाव, मुलीची बदनामी, समोरच्याची नोकरी, सगळं मनात असतं. पण शहानिशा हे पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, त्या प्रकरणात मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांवर माहिती न दिल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा निर्णयच फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तो सुरुवातीलाच मोडीत काढता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

पोलिसांत जायचं म्हणजे काय होतं, याची धास्ती मोठी असते, म्हणून ते सांगतो. आईबापाची परवानगी लागत नाही, मुलगी स्वतःही तक्रार देऊ शकते. पालीची मुलगी संभाजीनगरच्या होस्टेलवर असेल आणि प्रकार तिकडचा असेल, तरी बीडच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टरने, तिचा विश्वास असलेल्या माणसासमोर. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती तिच्यासोबत एक सहायक व्यक्ती देऊ शकते. तिचं नाव, फोटो, कॉलेज, गाव, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. यातलं काहीच सुचलं नाही तर १०९८ फिरवा.

रॅगिंगची वाट थोडी निराळी. राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणाराच. फक्त इथे पॉलिटेक्निकमधला ‘सिनियर’ही पुष्कळदा सतराचा असतो. मग त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

सर्वांत अवघड जागा प्रेमाची आणि लग्नाची. सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा, दोघं एकाच वर्गात, दोघांच्या मर्जीने. पोक्सोला ही मर्जी मान्य नाही. घरच्यांनी तक्रार दिली की मुलगा थेट तुरुंगात. हे मला कठोर वाटतं आणि न्यायालयांतही यावर वाद चालू आहे, पण आज कायदा हाच आहे आणि तो मुलांना पहिल्याच महिन्यात स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. अज्ञान मुलगी मर्जीच्या संबंधातून गर्भपातासाठी आली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, एवढी सवड सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली.

लग्नाचं उलटं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. फडावर जोडीनेच उचल मिळते, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून एफ.वाय.ची मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी झाली, तर ‘गैरहजर’ असा शेरा मारून भागत नाही. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला फोन लावायचा. न्यायालय लग्न थांबवू शकतं. लागलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ती ते रद्द करून मागू शकते. आणि २०१७ पासून अज्ञान पत्नीशी संबंध हाही बलात्कारच आहे.

एवढं सगळं एका शिक्षकाच्या डोक्यात बसणार नाही, म्हणून माणूस नेमावा लागतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या प्रत्येक संस्थेला किमान एक पात्र समुपदेशक ठेवायला सांगितलं, त्यात कॉलेजं आणि क्लासेस दोन्ही आले. ब्रिटनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठीच आईवडिलांची लेखी संमती द्यावी लागते, आणि तिथल्या विद्यापीठांत अशा मुलांसाठी जबाबदार अधिकारी ठरलेला असतो. आपल्याकडे हे काम बहुधा एन.एस.एस.च्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडतं. पडू दे, पण त्यांचं नाव आणि नंबर मुलींच्या कॉमन रूममध्ये लावलेला हवा.

अठरावा वाढदिवस झाला की पुढच्या घटनांना पोक्सो लागू होत नाही. आधी घडलेल्याला मात्र होतो, कारण वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. सतराव्या वर्षी जे सोसलं ते मुलीने विसाव्या वर्षी, टी.वाय.ला असताना सांगितलं, तरी प्रकरण पोक्सोच्या विशेष न्यायालयातच जातं, आणि कळवण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ ती बोलली त्याच्यावर त्याच दिवसापासून येते.