सातबाऱ्याला हात कोणी लावावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु अंकुशनगरच्या परिसरात उसावर जगणाऱ्या घराचे पान सातबाऱ्यावाचून हलत नाही, आणि तो सातबारा आता तलाठ्याच्या दप्तरातून संगणकाच्या तक्त्यांत गेला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा हे समजून घेणे माझ्याकडेच आले.

परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यावर मुख्य क्रिया चारच : वाचणे, नवे भरणे, असलेले बदलणे आणि पुसणे. कोणाला कोणती क्रिया करू द्यायची, हे ‘ग्रँट’ या आज्ञेने ठरते; ‘रिव्होक’ या आज्ञेने दिलेला अधिकार काढून घेता येतो. अधिकार व्यक्तीला न देता पदाला द्यावा, हे उत्तम. माणसाची बदली झाली की त्याला त्या पदावरून वगळायचे. बाकी रचना तशीच राहते.

गंमत अशी, की आपल्या महसूल खात्याला हे तत्त्व संगणकाआधीच ठाऊक होते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार तलाठी फेरफाराची नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. पण नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा! ई-फेरफार प्रणालीत हीच वाटणी उतरली आहे. आजोबांच्या पश्चात आमच्या आजीचे नाव वारस म्हणून लागले, ते या दोन हातांतून गेल्यावरच. एकाच हाताला दोन्ही कामे दिली असती, तर निरक्षर विधवेचे नाव उडवायला कितीसा वेळ लागला असता?

२०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवरून आपले पीक नोंदवतो. म्हणजे बारा नंबरातील पिकापुरते भरण्याचे काम त्याला मिळाले; सात नंबरातील मालकीच्या नावाला त्याचा हात पोचत नाही. वाचण्याची मुभा मात्र सर्वांना आहे.

ही सारी रचना एका गोष्टीपुढे लंगडी पडते. साहेबांचा पासवर्ड कचेरीतल्या मदतनिसाला पाठ असेल, तर यंत्राच्या दृष्टीने तो मदतनीसच साहेब!

फेरफाराच्या नोटिसा आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, एवढेच. आमच्या आळीतील चार घरांसाठी मी दर रविवारी त्या पाहतो.