केपला गेलेले वालिद आणि एक तारीख : बेपत्ता बापाचा माग कागदांतून कसा काढावा

कोकणातल्या आपल्या बऱ्याच घरांत एक जुना फोटो असतो. डोक्यावर फेज टोपी, अंगात कोट, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. कुणी विचारलं तर सांगतात, "हे आमचे वालिद. आफ्रिकेला गेले, पुढं काही कळलं नाही." आणि विषय तिथंच थांबतो.

आमच्या घरातही असा फोटो आहे. अब्बांचा जन्म १९३८ चा. ते आठ महिन्यांचे असताना आजोबा मुंबईहून बोटीनं केपटाउनला गेले. काही वर्षं पत्रं आली, मनीऑर्डरी आल्या, मग दोन्ही बंद झालं. दादीनं इद्दत कधी पाळलीच नाही. पाळणार तरी कुठल्या दिवसापासून मोजून?

खरं सांगायचं तर शोध सुरू झाला तो मायेपोटी नाही, जमिनीपायी. अब्बांचे आजोबा, म्हणजे आमचे पणजोबा, १९५१ मध्ये वारले. फेरफारात त्यांच्या हयात असलेल्या दोन मुलांची नावं लागली, केपला गेलेल्या तिसऱ्याचं लागलं नाही. चुलत्यांचं म्हणणं एकच, "तो आधीच मेला होता." आता आपल्या वारसा कायद्यात या एका वाक्याचं वजन किती आहे ते बघा. बाप हयात असताना मुलगा वारला आणि त्याचे दुसरे भाऊ जिवंत असले, तर त्या मेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबांच्या मिळकतीत वारसा हक्क राहत नाही. पण तोच मुलगा बापानंतर एक दिवस जरी जगला, तरी त्याचा हिस्सा ठरतो आणि तो त्याच्या पोरांकडे येतो. म्हणजे आजोबा वारले एवढं कळून भागणार नव्हतं. ते कधी वारले, ही तारीख हवी होती.

वकिलाकडे गेलं की सात वर्षांचा नियम सांगतात. तो बरोबरच आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ आहे. ज्यांना माणसाची खबर कळायला हवी अशा लोकांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर येतो. पण या कलमातून माणूस मेला एवढंच गृहीत धरता येतं, कुठल्या दिवशी मेला ते नाही. तारखेवर हक्क सांगायचा असेल तर ती वेगळी सिद्ध करावी लागते. फिकहमध्ये अशा बेपत्ता माणसाला मफकूद म्हणतात आणि त्याचं ठरेपर्यंत त्याचा हिस्सा राखून ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे कुणी राखून ठेवला नाही. (दादीसारख्या बायकांसाठी १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात सोय होती. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो. दादीला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.)

शोध घरापासूनच करायचा. आधी पेटी उघडा. पत्रातल्या मजकुराइतकंच महत्त्व पाकिटाला आहे, कारण मागं पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि तिकिटावरच्या शिक्क्यात गाव आणि वर्ष असतं. फोटोच्या मागं स्टुडिओचं नाव छापलेलं असतं. मनीऑर्डरीची फाटकी कुपनंही टाकू नका. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर. जमातीच्या वह्या आणि काझींकडची निकाहाची नोंद. आम्हाला एका ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं, रजिस्टर वाळवीनं खाल्लं. तिसऱ्या खेपेला तेच रजिस्टर निघालं, अब्बांच्या जन्माची नोंदही सापडली आणि तिथं आजोबांचं नाव त्यांच्या बापाच्या नावासकट होतं. हे पूर्ण नाव हातात असल्याशिवाय परदेशी कागदांत शिरू नका.

आम्ही तसे शिरलो आणि एक वर्ष घालवलं. गावात बोलवा होती की आजोबा लढाईत बोटीवर बुडाले. तसं अशक्य नव्हतं. आपले सारंग, तांडेल, खलाशी इंग्रजांच्या बोटींवर फार होते, आणि पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक जणांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या नावांची संख्या सहा हजारांवर जाते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर ही नावं फुकट शोधता येतात, हुद्दा आणि बोटीच्या नावासह. तुमच्या घरातलं माणूस खलाशी असेल तर सुरुवात इथूनच करा. १९३९ ते १९५० च्या ब्रिटिश बोटींच्या खलाशांच्या याद्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आम्हाला आजोबांच्या नावाचा एक फायरमन सापडला आणि घरात फातेहासुद्धा झाली. नंतर वय जुळेना. तो कुणा दुसऱ्याचा बाप होता.

आता केपचं. रत्नागिरी, खेड, मोर्बा अशा भागांतली आपली माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथं जात होती. १९०६ च्या केप कायद्यानंतर तिथून गावी येऊन परत जायचं तर परमिट लागायचं. त्यावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा असे. परमिट चुकलं तर परतीचा हक्क जायचा. १९१३ च्या कायद्यानं नवीन हिंदी माणसाला दारच बंद केलं. आधीपासून असलेल्याची बायको आणि सोळा वर्षांखालची मुलं तेवढी जाऊ शकत. त्याच वर्षी न्यायाधीश सर्ल यांनी निकाल दिला की इस्लामी पद्धतीचा निकाह तिथल्या कायद्यात लग्न धरता येणार नाही. पुढच्या वर्षी त्यात थोडी सूट मिळाली, तीही एकाच बायकोपुरती. त्यामुळं नवरा तिकडं आणि बायको इकडं अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या चालली. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या सरकारी फायलींवरूनच अशा दुभंगलेल्या घरांवर लिहिलंय. १९४६ मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, आणि पुढं कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर तो देश वगळलेला असे. माणूस पळून गेला असं आपण सहज म्हणतो. काही पळाले असतील, पण काहींना येता येणंच कठीण होऊन बसलं होतं.

या फायली आणि मृतांच्या मिळकतीचे कागद केपटाउनच्या अभिलेखागारात आहेत. आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ‘डेथ नोटिस’. माणूस वारला की नातेवाइकानं हा फॉर्म भरून कोर्टाच्या ‘मास्टर’ नावाच्या अधिकाऱ्याकडं द्यायचा. त्यात जन्मगाव, आईबापांची नावं, वय, लग्न, मुलांची नावं, मिळकत आणि मृत्यूची तारीख असे रकाने असतात. आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यात एवढं कधीच नसतं. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची इंटरनेटवर आहे, आणि केपच्या बऱ्याच मिळकतीच्या फायली फॅमिलीसर्च या मोफत वेबसाइटवर आहेत. काही कागद घरी बसून दिसतात, काही फक्त त्यांच्या केंद्रातल्या संगणकावर.

अडचण नावाची. तिथल्या कारकुनानं बापाचं नाव आडनाव म्हणून लिहिलं, त्यामुळं गावचं आडनाव गळून पडलं. युसूफचा ‘इसोप’ झाला, अहमदचा ‘आमोद’, मोहंमदचा ‘महोमेद’, परकारांचे पार्कर. म्हणून आडनावावर अडून बसू नका. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव ही जोडी वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकून बघा. जन्मगावाच्या रकान्यात गाव क्वचित असतं, ‘बॉम्बे’ किंवा ‘इंडिया’ एवढंच असतं. रायगड शोधू नका, १९८१ पर्यंत तो जिल्हा कुलाबा होता. बरेच फॉर्म आफ्रिकान्समध्ये आहेत, पण रकान्यांचा क्रम ठरलेला असल्यानं चार-पाच बघितले की वाचता येतात. लग्नाच्या रकान्यात ‘अविवाहित’ दिसलं तर फसू नका. निकाहाला तिथं मान्यता नव्हती, म्हणून तीन मुलांचा बापही कागदावर अविवाहित असू शकतो.

आमचे आजोबा याच रकान्यामुळं दोनदा हातून निसटले. तिसऱ्यांदा आमच्या बहिणीनं फक्त आईबापांच्या नावांचा रकाना बघायचं ठरवलं, आणि तिथं पणजोबा-पणजीची दोन्ही नावं मोडक्या स्पेलिंगनं का होईना, पण बरोबर होती. मृत्यू १९५७. पणजोबांनंतर सहा वर्षांनी.

मुलांच्या रकान्यात चार नावं होती. तीन आम्हाला अनोळखी. पहिलं नाव अब्बांचं, पुढं कंसात ‘इंडिया’. अब्बांना आम्ही ते वाचून दाखवलं तर ते जमिनीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "परत वाच." मग विचारलं, "फॉर्म कुणी भरला?" खाली एका बाईची सही होती, नातं ‘विधवा’. म्हणजे तिला अब्बांचं नाव माहीत होतं.

अशी दुसरी घरं निघतात, ती निघणारच हे धरून चाला. आईच्या किंवा दादीच्या हयातीत शोधत असाल तर त्यांना आधी विचारा की त्यांना कळून घ्यायचंय का.

डेथ नोटिसची प्रत हा पुरावा म्हणून धागा आहे, पण वारस नोंदीसाठी दक्षिण आफ्रिकेच्या गृहखात्याकडून मृत्यूच्या दाखल्याची अधिकृत प्रत मागवा आणि तिच्यावर तिथंच अपोस्टिल करून घ्या. भारतही त्या करारात असल्यानं इथं वेगळी साक्षांकनाची भानगड राहत नाही. इतक्या वर्षांनी हिस्सा मागता येतो का, हा मुदतीच्या कायद्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी चांगला दिवाणी वकील लागतो. आमचा दाखला अजून यायचाय. चुलत्यांकडं आम्ही अजून काही बोललो नाही. अब्बांनी मात्र त्या तीन नावांची चिठ्ठी खिशात ठेवलीय आणि रोज विचारतात, तिकडं कुणाचा फोन नंबर मिळाला का.