बर्लिनचं वार्तापत्र : बाळगा, पिकवा, पण विकत कुठे घेणार?

बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात ग्योर्लित्झर पार्क आहे. त्याच्या फाटकाशी अंधार पडताना गेलं की उभी असलेली पोरं हलक्या आवाजात विचारतात, काही हवंय का? १ एप्रिल २०२४ ला जर्मनीत प्रौढांना गांजा बाळगण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा ही पोरं हळूहळू दिसेनाशी होतील असं कायद्याच्या बाजूचे लोक सांगत होते. ती अजून तिथेच आहेत.

कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या माणसाला बाहेर २५ ग्रॅम आणि घरी ५० ग्रॅम गांजा जवळ ठेवता येतो, तीन झाडं लावता येतात. दुकानात मात्र तो मिळत नाही. मूळ बेत परवाना असलेल्या दुकानांचाच होता, पण युरोपीय संघाचे नियम आडवे आले. मग मंडळांची सोय निघाली. जास्तीत जास्त पाचशे सभासद, नफा घ्यायचा नाही, मिळून पिकवायचं आणि आपसांत वाटायचं. मंडळाच्या आवारात ओढायला मनाई, जाहिरातीलाही मनाई. परवान्याची कागदपत्रं जमवता जमवता मंडळवाले टेकीला आले. महिन्यातून एखाद्या वेळी झुरका मारणारा माणूस एवढ्यासाठी सभासद होत नाही.

त्याला दुसरी वाट सापडली. याच कायद्याने औषधी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. आता इंटरनेटवर चार प्रश्नांची उत्तरं भरली की डॉक्टरची चिठ्ठी मिळते आणि माल घरपोच येतो. २०२४ मध्ये औषधी गांजाची आयात आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त झाली. एवढे रुग्ण एका वर्षात वाढलेले नाहीत. आरोग्यमंत्री नीना वार्केन यांना ही वाट बंद करायची आहे. डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून तपासावं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण दुकान न उघडता ही वाट बुजवली, तर तो माणूस पुन्हा पार्कच्या फाटकाशीच जाईल. आणि फाटकाशी वय कोणी विचारत नाही.

विरोधकांची खरी काळजी वयाचीच आहे. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते, त्या वयात गांजाची सवय घातक, असं डॉक्टर कळकळीने सांगतात. ती काळजी मी झटकून टाकणार नाही. मात्र सर्वांत कडक पवित्रा घेतलेल्या बव्हेरिया राज्याने बिअर गार्डनमध्ये गांजा ओढायला बंदी केली, आणि त्याच देशात सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते, आईवडील सोबत असतील तर चौदाव्या वर्षीही पिता येते. हे मला खटकतं.

तरीही २३ फेब्रुवारी २०२४ ला संसदेत ४०७ विरुद्ध २२६ मतांनी जे झालं, ते मोडू नये असंच मला वाटतं. खिशातल्या थोड्याशा गांजापायी तरुणांवर गुन्हे दाखल होत, आणि तो डाग नोकरीच्या दारापर्यंत सोबत येई. आज गुन्हा न राहिलेल्या त्या जुन्या शिक्षा आता नोंदींतून पुसून घेता येतात.

चान्सलर मेर्त्स यांच्या सरकारातल्या पक्षांनी कायद्याचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं आहे. त्यात दुकानांचा प्रश्न पुन्हा उघडावा, अशी माझी इच्छा आहे. सध्या तरी इथे वाद रंगतोय तो कायदा ठेवायचा की मोडायचा, एवढ्यावरच.