घर पडद्यावर जाते तेव्हा

एखाद्या दुपारी दोन-तीन अनोळखी माणसे दारी येतात. ओसरीचे खांब, माजघरातील खिडकी, अंगणातील तुळशीवृंदावन किंवा क्रूस यांची छायाचित्रे घेतात आणि घरमालकास विचारतात, "हे घर आठ दिवस चित्रीकरणासाठी मिळेल काय?" जुन्या घराच्या छपराची चिंता वाहणाऱ्या कुटुंबास हा प्रश्न दैवी साहाय्यासारखा वाटतो. होकार देण्यापूर्वी मात्र या व्यवहाराचे स्वरूप नीट समजून घेणे हिताचे ठरते.

चित्रपटासाठी खरे घर शोधण्याची प्रथा नवी नाही. श्याम बेनेगल यांनी १९८५ साली 'त्रिकाल' हा चित्रपट काढला. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दिवसांतील, म्हणजे १९६१ सालच्या सुमाराचे गोवा त्यात आहे. त्याचे चित्रीकरण सासष्टीतील लोटली गावी, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या वडिलोपार्जित घरात झाले. वाईजवळच्या मेणवलीचा घाट २००४ सालच्या 'स्वदेस'मध्ये दिसला, तर ग्वाल्हेरकरांना परिचित असलेली चंदेरी २०१८ सालच्या 'स्त्री'मध्ये. चुन्याच्या भिंतीवर अनेक पावसाळ्यांनी चढविलेला रंग आणि उंबरठ्याची झीज लाकडी देखाव्यात हुबेहूब उतरविणे कठीण व खर्चाचे असते. म्हणूनच निर्माते गावोगाव घरे शोधीत फिरतात.

हा व्यवहार नेहमीच्या भाडेकराराहून निराळा आहे. भाडेकरू घरात राहावयास येतो. चित्रपटवाले घराचे रूप बदलावयास येतात. प्रथम स्थळ पाहणारे येतात. मग दिग्दर्शक, छायालेखक व कलादिग्दर्शक येऊन पाहणी करतात. तीस ते 'रेकी' म्हणतात. नंतर सजावटीचे दिवस, प्रत्यक्ष चित्रीकरणाचे दिवस आणि शेवटी सामान उचलून घर पूर्ववत करण्याचे दिवस. चित्रीकरणाची एक पाळी सामान्यतः बारा तासांची असते. घरमालक पुष्कळदा केवळ चित्रीकरणाच्या दिवसांचे भाडे ठरवितो आणि पुढच्या-मागच्या दिवसांत घर अडकून पडले की पस्तावतो. त्या दिवसांचाही दर, तसाच पाळी लांबल्यास द्यावयाचा जादा आकार, आधीच लेखी ठरविला पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवख्यास ठाऊक नसते. एकच प्रसंग दोन-तीन दिवस चित्रित होत असला, तर पहिल्या दिवशी फडताळावर असलेला तांब्या तिसऱ्या दिवशीही तेथेच दिसावा लागतो. त्यामुळे त्या खोल्यांतील वस्तू घरच्या माणसांनाही हलविता येत नाहीत. घरात आजारी वा वृद्ध माणूस असेल, मुलांची परीक्षा तोंडावर आली असेल, तर हा बंदिवास जड जातो. कोणत्या खोल्या द्यावयाच्या व कोणत्या कुलूपबंद ठेवावयाच्या, हे करारातच नमूद करावे. देवघर किंवा घरातील वेदी यांविषयी कुटुंबाची जी भावना असेल, तीही संकोच न करता प्रारंभीच सांगावी.

जुन्या घराची प्रकृती नाजूक असते. चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की त्याभोवतीचा पोपडा सुटतो. भिंतीस चिकटविलेली पट्टी ओढताना रंग घेऊन येते. लाकडी तक्तपोशीवर कॅमेऱ्याच्या गाडीचे रूळ, जड दिवे आणि पन्नास माणसे एकाच वेळी आली, तर खालच्या तुळया तो भार सोसतील काय, हे जाणत्या सुताराकडून आधी पाहून घ्यावे. गोव्यातील शिंपल्यांच्या खिडक्या एकदा फुटल्या, तर तसे काम करणारा कारागीर सहज मिळत नाही. दिव्यांसाठी घरच्या वीजजोडणीवर भार न टाकता निर्मात्याने आपले जनित्र आणावे, अशी अट घालावी.

यास्तव काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, मौल्यवान वस्तूंची यादी करून तीवर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात आणि अनामत रक्कम हाती आल्यावाचून किल्ली देऊ नये. नुकसान झाल्यास भरपाई कोणी व किती दिवसांत करावी, निर्मात्याने अपघाताचा विमा उतरविला आहे काय, काही दृश्ये पुन्हा घ्यावी लागल्यास कोणता दर लागेल, हे प्रश्न तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. घरात कोणता प्रसंग चित्रित होणार, हे विचारण्याचाही मालकास अधिकार आहे. आजोबांची बैठकीची खोली पडद्यावर चोरट्या व्यापाऱ्याचा अड्डा म्हणून झळकलेली सर्वांनाच रुचेल असे नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न मालकीचा. आपल्याकडील कित्येक जुनी घरे एकट्याच्या नावावर नसतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेमुळे पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक असते आणि वारसांचे हिस्से पिढ्यान्‌पिढ्या वाटले न जाता राहतात. एक भाऊ घर सांभाळतो, दुसरा मुंबईस, बहीण परदेशी. घर सांभाळणाऱ्याने परस्पर करार केला आणि इतरांस ही वार्ता चित्रपटगृहात कळली, तर भाड्याच्या रकमेपेक्षा मोठी किंमत नात्यास द्यावी लागते. म्हणून सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी आणि पैशाचा विनियोग कसा होणार, हेही त्यांस कळवावे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. गाड्यांनी अडलेली वाट आणि रात्रीचा गोंगाट त्यांच्या वाट्यास येतो. सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेची परवानगी लागते. गोव्यात चित्रीकरणाच्या परवान्यांचे काम 'एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा' ही संस्था पाहते. इतरत्र स्थानिक प्रशासन व पोलीस यांच्याकडे चौकशी करावी. आवश्यक परवाने निर्मात्यानेच मिळवावेत व त्यांच्या प्रती मालकास द्याव्यात. मिळालेले भाडे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावेच लागते; ते कोणत्या सदरात मोडते, हे हिशेबनिसास विचारून घ्यावे.

इतकी दक्षता घेतल्यावर हा व्यवहार टाकाऊ मुळीच नाही. गावोगाव वाडे कुलूप लावून पडले आहेत, कौले सरकून तुळया कुजत आहेत, आणि डागडुजीचा खर्च निवृत्तिवेतनात बसत नाही. आठ दिवसांच्या भाड्यातून एका पावसाळ्यापुरते छप्पर शाकारले गेले, तरी ते घर आणखी काही वर्षे उभे राहते. मात्र करारावर सही करण्यापूर्वी, त्या घरात ज्यांचे आयुष्य गेले त्या वडीलधाऱ्या माणसाजवळ क्षणभर बसावे आणि त्यांचे मत विचारावे. त्यांनी मान हलविली, की मग पाहुण्यांसाठी दार उघडण्यास हरकत नाही.